निलंबन, जुन्या मोटारगाड्यांचे

मोटारगाडीचा सांगाडा आणि तिची चाके यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, धक्काशोषक, भुजा, दांडे व रबरी बुश यांच्या समुच्चयास निलंबन म्हणतात. यंत्रशाळांत ‘सस्पेन्शन’ हाच शब्द रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत सामान्य निलंबनाचे वर्णन केलेले नसून जुन्या, विशेषतः १९६०–८५ या काळातील आराखड्यांच्या गाड्यांना नव्या पद्धतीचे निलंबन बसविताना कोणते तांत्रिक प्रश्न उद्‌भवतात, याचा विचार केला आहे [⟶ मोटारगाडी, स्प्रिंग].

हा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला तो अमेरिकेत. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे प्रबल इंजिन बसवून केलेल्या गाड्यांना तेथे ‘मसल कार’ म्हणजे पीळदार गाडी असे नाव पडले. १९६४ सालची पाँटिॲक जीटीओ ही या प्रकारची आद्य गाडी मानली जाते. तिचे आठ सिलिंडरांचे इंजिन सु. ६·४ लिटर धारणेचे व ३२५ अश्वशक्तीचे होते. त्याच वर्षी आलेली फोर्ड मस्टँग व तिच्याशी स्पर्धा करण्यासाठी काढलेली शेव्हरोले कॅमॅरो यांच्या प्रबल आवृत्त्याही याच वर्गात घालतात. या गाड्यांचे वैगुण्य असे की, इंजिनाची शक्ती जितकी वाढली तितके निलंबन सुधारले नाही. सरळ रस्त्यावर वेगाने सुटणारी गाडी वळणावर व ब्रेक लावताना चालकाच्या हाती राहीलच, अशी खात्री नसे. भारतात या गाड्या मोठ्या संख्येने कधीच आल्या नाहीत. तथापि व्हॉक्सहॉल कंपनीच्या आराखड्यावरून हिंदुस्थान मोटर्सने १९८४ पासून २००२ पर्यंत काढलेल्या काँटेसा गाडीस हौशी मंडळी ‘भारतीय मसल कार’ म्हणतात. शक्तीच्या दृष्टीने हे नाव अतिशयोक्तीचे असले, तरी तिची लांबरुंद ठेवण पाहता ते अगदीच अनाठायी नाही.

मूळ रचना : मस्टँगच्या पुढील प्रत्येक चाकास एकावर एक अशा दोन आडव्या भुजा असत आणि मळसूत्री स्प्रिंग वरच्या भुजेवर उभी असे. मागे दृढ आस (दोन्ही मागील चाकांना जोडणारी एकसंध आस) व लांबट पाट्यांच्या स्प्रिंगा असत. पहिल्या कॅमॅरोत तर बहुतेक आवृत्त्यांना मागे प्रत्येक बाजूस एकच पाटा होता. क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत पुढे मळसूत्री स्प्रिंगेऐवजी पीळ घेणारे लांब पोलादी दांडे वापरीत. जीटीओत मागील आसेलाही मळसूत्री स्प्रिंगा व तिला जागी धरून ठेवणारे चार दांडे होते, म्हणजे मसल कारांत सर्वत्र पाटेच होते असे नाही.

भारतीय गाड्यांची रचना याहून फार वेगळी नव्हती. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन आराखड्यावरून तयार होणाऱ्या आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने विकल्या गेलेल्या गाडीस पुढे भुजा व मळसूत्री स्प्रिंगा, तर मागे दृढ आस व पाटे होते. अँबॅसडरला पुढे पीळ घेणारे दांडे व मागे पाटे होते. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जुळणी केलेल्या जीपला पुढे व मागे दोन्हीकडे दृढ आसा व पाटेच होते.

पाट्याचे कार्य : नवे निलंबन बसविणाऱ्याने सर्वांत प्रथम समजून घ्यावयाची गोष्ट ही की, पाटा ही केवळ स्प्रिंग नव्हे. तो एकाच वेळी तीन कामे करतो. तो गाडीचा भार पेलतो. आसेला पुढे, मागे व बाजूला सरकू देत नाही. आणि इंजिनाने चाके फिरविताना आसेचे कवच उलट दिशेने फिरू पाहते, त्यास विरोध करतो. हे तिसरे काम मसल कारमध्ये फार अवघड होते. समजा इंजिनाचे परिबल ५०० न्यूटन–मीटर, पहिल्या गतीचे गुणोत्तर २·५ व मागील दंतचक्रांचे गुणोत्तर ३·५ असेल, तर आसेवर येणारे परिबल ५०० × २·५ × ३·५ म्हणजे ४,३७५ न्यूटन–मीटर होते. एवढ्या परिबलाखाली पातळ पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, क्षणात सरळ होतो, पुन्हा वाकतो आणि मागची चाके रस्त्यावर थडथड उड्या मारू लागतात. कॅमॅरोत हा दोष इतका जाणवला की, १९६८ च्या आवृत्तीत एक धक्काशोषक आसेच्या पुढे व दुसरा मागे असे तिरपे बसविण्यात आले आणि प्रबल इंजिनांच्या गाड्यांना अनेक पाट्यांची जुडी देण्यात आली.

पाट्यांच्या जुडीत एक पाटा दुसऱ्यावर घासतो व त्या घर्षणाने कंपने काही अंशी आपोआप शमतात. परंतु हे घर्षण पाट्यांवरील गंज, धूळ व वंगण यांप्रमाणे बदलत असल्याने त्यावर विसंबता येत नाही. ताजे वंगण दिलेली गाडी व पावसाळा काढून गंजलेल्या पाट्यांची तीच गाडी या रस्त्यावर दोन भिन्न गाड्यांप्रमाणे वागतात. मुंबई, ठाणे, अंबरनाथ, बदलापूर या दमट व अतिपावसाच्या पट्ट्यातील गाड्यांत हा फरक विशेष दिसतो.

तरीही भारतात पाटे इतका काळ टिकले, यास केवळ उत्पादकांची उदासीनता कारणीभूत मानणे न्याय्य नाही. चार उतारू व टपावरील सामान घेऊन धावणाऱ्या टॅक्सीच्या मागील आसेवरचा भार रिकाम्या गाडीच्या मानाने पुष्कळच वाढतो. तो पेलण्यासाठी जुडीत एक जादा पाटा घालणे पुरेसे होई. पाटा तुटल्यास महामार्गावरील कोणताही लोहार तो बदलून देई. वायुभरित धक्काशोषकाच्या बाबतीत हे शक्य नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील अखेरची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती व टॅक्सींना असलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ती ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तोपर्यंत ही रचना शहराचे ओझे वाहत होती.

एकाच कुळातील गाडीचे निलंबन टप्प्याटप्प्याने कसे बदलत गेले, याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मूळच्या जीपच्या वंशातील महिंद्र थार ही गाडी २०१० मध्ये आली तेव्हा तिची पुढील चाके स्वतंत्र भुजांवर व पीळ घेणाऱ्या दांड्यांवर होती. मागे मात्र पाटेच ठेवलेले होते. २०२० मध्ये आलेल्या व नासिक येथे तयार होणाऱ्या नव्या थारला पुढे दुहेरी भुजा व मळसूत्री स्प्रिंगा आणि मागे दृढ आस कायम ठेवून अनेक दांडे व मळसूत्री स्प्रिंगा देण्यात आल्या. हा बदल करताना सांगाडाही नव्याने आखला गेला. खाजगी यंत्रशाळेत जुन्या गाडीवर काम करणाऱ्याच्या वाट्यास नेमकी हीच सवलत येत नाही.

स्प्रिंगांची निवड : स्प्रिंगेवर उभ्या असलेल्या वस्तुमानाची नैसर्गिक कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) ही त्या भाराखाली स्प्रिंग किती दबली आहे यावर अवलंबून असते. दाब सेंमी. मध्ये घेतल्यास, दाबाच्या वर्गमुळाने ५ ला भागले असता कंप्रता जवळजवळ अचूक मिळते. उदा., एका चाकावर ३५० किग्रॅ. भार व चाकापाशी मोजलेला स्प्रिंगेचा ताठपणा प्रत्येक मिमी.स २० न्यूटन असेल, तर दाब सु. १७ सेंमी. व कंप्रता सु. १·२ येते. मनुष्यास चालण्याच्या लयीमुळे या सुमाराची कंपने सवयीची असतात. ताठपणा दुप्पट केल्यास दाब निम्मा होऊन कंप्रता १·७ होते. गाडी वळणावर कमी कलते, पण प्रवाशाला रस्त्यावरची प्रत्येक खाच जाणवते.

येथे एक चूक वारंवार होते. स्प्रिंगेचा ताठपणा आणि चाकापाशी जाणवणारा ताठपणा एक नव्हेत. चाक एक सेंमी. वर गेले असता स्प्रिंग जितकी दबते त्या गुणोत्तराच्या वर्गाने स्प्रिंगेच्या ताठपणास गुणावे लागते. भुजेच्या मध्याजवळ बसलेल्या स्प्रिंगेचे गुणोत्तर ०·६ असेल, तर प्रत्येक मिमी.स ५० न्यूटनची स्प्रिंग चाकापाशी केवळ १८ न्यूटनची ठरते. तीच स्प्रिंग धक्काशोषकाभोवती गुंडाळलेल्या नव्या जोडात चाकाच्या जवळ बसविली व गुणोत्तर ०·८ झाले, तर ती ३२ न्यूटनची होते. जुन्या स्प्रिंगेचा आकडा पाहून नवी मागविणाऱ्याची गाडी त्यामुळे बैलगाडीसारखी आदळते आणि दोष मात्र कारागिराला दिला जातो.

धक्काशोषक : स्प्रिंग ऊर्जा साठविते व परत देते, ती ऊर्जा उष्णतेत बदलून नाहीशी करणे हे धक्काशोषकाचे काम होय. मळसूत्री स्प्रिंगेत पाट्यासारखे घर्षण जवळजवळ नसल्याने हे सारे काम शोषकावर येते. जुन्या दुहेरी नळीच्या शोषकात खराब रस्त्यावर तेलाचा फेस होऊन त्याचा रोध क्षीण होतो. फ्रेंच अभियंता द कार्बाँ यांनी १९५०–६० या दशकात प्रचारात आणलेल्या एकनळी शोषकात तेल व दाबाखालील नायट्रोजन वायू सरकत्या दट्ट्याने अलग ठेवलेले असल्याने हा दोष टळतो. स्प्रिंग दुप्पट ताठ केल्यास तेवढेच शमन राखण्यासाठी शोषकाचा रोध सु. १·४ पट असावा लागतो. नव्या स्प्रिंगा व जुने शोषक हे जोडपे सर्वांत वाईट होय. उलट, मूळ स्प्रिंगा व उत्तम नवे शोषक एवढ्याने अनेक गाड्यांचे वर्तन आश्चर्यकारक सुधारते, आणि ज्यास अन्य काही करावयाचे नाही त्याने निदान इतके करावे.

चाकांची भूमिती : जुन्या गाड्या तिरप्या धाग्यांच्या टायरांसाठी आखलेल्या होत्या. पद्मिनीचे मूळ टायर याच जातीचे होते. आज सर्वत्र मिळणारे अरीय धाग्यांचे टायर रस्त्यास अधिक चिकटतात. मात्र त्यांचा पृष्ठभाग रस्त्यावर सपाट राहिला तरच हा गुण उपयोगी पडतो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस कलते तेव्हा बाहेरील चाकाचा माथा आत झुकत जावा अशी भुजांची मांडणी हवी. मस्टँगमध्ये नेमके उलट होई. चाकाचा माथा बाहेर झुके व टायर कडेवर चाले. यावर फोर्ड कंपनीचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी वरच्या भुजेची खुंटी एक इंच खाली आणण्याचा उपाय सुचविला आणि १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० या गाडीत तो वापरण्यात आला. दोन भोके नव्याने पाडणे एवढाच खर्च असलेला हा बदल आजही या गाड्यांवरील सर्वांत किफायतशीर सुधारणा समजला जातो. निलंबन सुधारणे म्हणजे महागडे भाग विकत घेणे नव्हे, हे यावरून दिसते.

सुकाणू अक्षाचा मागे असलेला कल, ज्यास यंत्रशाळेत कॅस्टर म्हणतात, हाही पाहावा लागतो. शक्तिसाहाय्य नसलेल्या जड गाडीचे सुकाणूचक्र हलके राहावे म्हणून पूर्वी हा कल शून्याच्या आसपास ठेवीत. अरीय टायरांवर अशी गाडी सरळ रेषेत भरकटते. हा कल ३ ते ५ अंशांपर्यंत नेल्यास ती स्थिर होते. मात्र चक्र जड होते व बहुधा सुकाणूस शक्तिसाहाय्य द्यावे लागते. पद्मिनीसारख्या गाडीत हे बदल करण्यापूर्वी किंगपिन व तिच्या बुशांची झीज तपासणे आवश्यक असते. झिजलेल्या खिळ्यावर अंश मोजणे निरर्थक होय.

मागील आस : पाटे काढून मळसूत्री स्प्रिंगा बसविल्या की, पूर्वी सांगितलेल्या तीन कामांपैकी दोन अनाथ होतात, कारण मळसूत्री स्प्रिंग भार पेलण्यापलीकडे काही करू शकत नाही. आसेला पुढेमागे धरण्यासाठी व तिचे फिरणे रोखण्यासाठी लांबीच्या दिशेने दोन खालचे व दोन वरचे दांडे लागतात आणि बाजूस सरकू न देण्यासाठी एक आडवा दांडा लागतो. आडव्या दांड्याचे एक टोक आसेला व दुसरे सांगाड्याला असल्याने आस वरखाली होताना किंचित कमानीत सरकते. दांडा लांब व जवळजवळ आडवा ठेवल्यास हा दोष नगण्य राहतो. प्रीमियरच्या १९८५ मध्ये आलेल्या ११८ एनई या गाडीचा मूळ आराखडा फियाट १२४ चा असून त्या आराखड्यात मागील दृढ आसेबरोबर मळसूत्री स्प्रिंगा व अशीच दांड्यांची योजना होती. हौशी कारागिरास अभ्यासासाठी ही गाडी देशातच उपलब्ध होती. पुढे कल्याण–डोंबिवली येथील कारखान्यात तयार झालेल्या प्यूजो ३०९ या गाडीत मागची चाकेही स्वतंत्र झाली.

सांगाड्याचे बळ : पाटा आपला भार दोन टोकांशी, पुष्कळ अंतरावर वाटून देतो. नवे दांडे व शोषक तोच भार लहानशा जागी केंद्रित करतात. मस्टँगसारख्या गाडीस स्वतंत्र सांगाडा नसून घडी घातलेल्या पत्र्याचे कवच हाच सांगाडा असतो; पुढील स्प्रिंगेचे घर असलेल्या पत्र्यास कालांतराने तडे जातात हा तिचा सर्वज्ञात दोष आहे. खराब रस्त्यांच्या देशांत पाठवावयाच्या मस्टँगांना ही दोन्ही घरे काचेखालच्या आडव्या भिंतीशी जोडणारी एकसंध पोलादी पट्टी देत व तिला ‘निर्यात पट्टी’ असेच नाव पडले होते. पद्मिनीचे शरीरही सांगाड्याविना असल्याने गंजलेला तळपत्रा कापून, नवा वितळजोड देऊन व आतून जाड पट्टी घालून मगच दांड्यांचे कान बसवावे लागतात. वरून चकचकीत रंग असलेल्या गाडीचा तळ पेचकसाच्या टोकाने टोचून पाहणे ही जुनी कसोटी आजही भरवशाची आहे. कान उपटून आला तर आस एका बाजूने सुटते व वेगात गाडी सावरणे अशक्य होते; या कामात जीव जाण्याची शक्यता येथे असते, स्प्रिंगेच्या निवडीत नव्हे.

गाडीची उंची : नव्या निलंबनाबरोबर गाडी खाली आणण्याची हौस येते. गुरुत्वमध्य खाली गेल्याने वळणावर लाभ होतो हे खरे. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३·७ मी. रुंद, १० सेंमी. उंच व १७ मी. त्रिज्येच्या वर्तुळखंडाचा असावा लागतो. मस्टँगच्या पुढील व मागील आसांतील अंतर सु. २·७४ मी. आहे. ती अशा गतिरोधकावर मध्यभागी असताना त्याचा माथा चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या ५·५ सेंमी. वर येतो. म्हणजे तळाची उंची १२ सेंमी. असल्यास केवळ ६·५ सेंमी. उरतात आणि स्प्रिंगा तेवढ्या दबल्या की तळ घासतो. हा झाला मानकातील गतिरोधक. अंबरनाथ–उल्हासनगर–कल्याण परिसरातच नव्हे, तर राज्यात कोठेही गल्लोगल्ली दिसणारा अरुंद उंचवटा तितकाच उंच असल्यास पुढची चाके उतरून गेल्यावर तो पुरता १० सेंमी. वर येतो व जेमतेम २ सेंमी. शिल्लक राहतात. शिवाय गाडी खाली आली की, सुकाणूचा दांडा व भुजा यांच्या कमानी जुळेनाशा होतात व खड्ड्यात चाक वरखाली होताना गाडी आपोआप वळू लागते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील असा बदल वाहनात करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलागणिक पाच हजार रु. दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन्ही अशी तरतूद झाली. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच जातीचा भाग घालणे ही दुरुस्ती होय. पाटे कापून नवी आस बसविणे तिच्यात मोडत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी खाजगी वाहनांस पुरातन वाहन म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. पण सांगाडा, कवच वा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा अशी अट आहे आणि असे वाहन नित्याच्या प्रवासास वापरता येत नाही. १९७४ मध्ये नोंदलेली पद्मिनी २०२४ मध्ये या वयास पोचली. तेव्हा अशा गाडीच्या मालकास ती जपावयाची की दररोज चालवावयाची हे आधी ठरवावे लागते, कारण तळपत्रा एकदा कापला की पहिला मार्ग कायमचा बंद होतो. या कारणास्तव जाणकार यंत्रशाळा शक्यतो मूळ भोकांतच बोल्टांनी बसतील असे भाग निवडतात, पत्रा कापीत नाहीत, आणि काढलेले पाटे, त्यांचे लोलक व यू-बोल्ट यांना वंगण फासून, उजव्या-डाव्या बाजूंच्या खुणा करून ते मालकाच्या स्वाधीन करतात.